इंच पडद्याचे, ओझे खांद्याचे

प्रवेशाच्या याद्या झळकू लागल्या की शहरांतल्या मध्यमवर्गीय घरांतून हल्ली एक नवाच प्रश्न उभा राहतो. पूर्वी कॉलेजात निघालेल्या मुलाला सायकल घ्यायची की नाही, यावर घरात आठ-आठ दिवस खल चाले. मनगटी घड्याळ पहिल्या वर्षी द्यायचे की पदवी हाती आल्यावर, यावरून वडील आणि आजोबा यांच्यात मतभेद होत. आता सायकल मागे पडली, घड्याळ फोनमध्ये शिरले आणि त्या जागी लॅपटॉप येऊन बसला. तो घ्यायचा, हे ठरलेलेच असते. पन्नास-साठ हजारांची सोयही कुठून ना कुठून झालेली असते. कोणाच्या ठेवीची मुदत भरते, कोणी बोनस बाजूला ठेवलेला असतो. घोडे अडते ते निराळ्याच ठिकाणी. केवढा घ्यायचा?

मराठीच्या प्राध्यापकाने या विषयात तोंड घालावे, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु यंत्राच्या पोटात काय आहे हे मला सांगायचेच नाही. ते दुकानदार सांगतो, आणि घरातली पोरे दुकानदारापेक्षा जास्त सांगतात. मी सांगणार आहे ते यंत्राच्या बाहेरचे. वर्गात कोणाच्या पुढ्यात लॅपटॉप उघडतो, कोणाचा वसतिगृहातल्या पलंगावर पडून राहतो आणि तो का पडून राहतो, हे व्यासपीठावरून जितके स्पष्ट दिसते तितके दुकानातून दिसत नाही.

पहिल्याने हे इंचांचे प्रकरण नीट समजून घेऊ. आपल्या देशाने १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला, गज आणि शेर इतिहासजमा झाले. पण पडद्याचा इंच मात्र कोणाला हलवता आला नाही. हा इंच लांबीचाही नाही आणि रुंदीचाही नाही. तो कर्णाचा आहे, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचा. त्यामुळे ‘चौदा इंची’ आणि ‘साडेपंधरा इंची’ (खरा आकडा १५.६) हे शब्द ऐकून डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते बहुधा चुकते. सेंटिमीटरची पट्टी घेतली की उलगडा होतो. साडेपंधराचा नेहमीचा पडदा रुंदीला सुमारे साडेचौतीस आणि उंचीला साडेएकोणीस सेंटिमीटर भरतो. चौदाचा एकतीस आणि साडेसतरा. तेरा इंची यंत्र मिटवून ठेवले, तर ते जवळजवळ झेरॉक्सच्या ए-फोर कागदाएवढे दिसते.

आता यातली खुबी पाहा. अलीकडे पुष्कळ चौदा इंची यंत्रांचे पडदे थोडे उंच निघू लागले आहेत. दुकानात याला ‘सोळास दहा’ म्हणतात. जुने प्रमाण ‘सोळास नऊ’ होते. या नव्या चौदा इंची पडद्याची उंची भरते १८.८ सेंटिमीटर. साडेपंधराच्या जुन्या प्रमाणाच्या पडद्याची उंची आहे १९.४. म्हणजे उंचीतला फरक सहा मिलिमीटर, तांदळाच्या एका दाण्याएवढा! बाकीचा मोठेपणा सगळा आडवा. सिनेमा पाहायला आडवा पडदा चांगला, यात वाद नाही. परंतु वाचायचे आणि लिहायचे असते ते वरून खाली. पानावर किती ओळी मावतात ते उंचीने ठरते, रुंदीने नव्हे.

आणि इथे माझ्या विषयाचा थोडा संबंध येतोच. इंग्रजीची ओळ आटोपशीर असते. आपल्या देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. या सगळ्यांना जागा देता देता दोन ओळींमधले अंतर वाढवावे लागते. त्यामुळे त्याच पडद्यावर इंग्रजीच्या जितक्या ओळी दिसतात, तितक्या मराठीच्या दिसत नाहीत. शिवाय लहान पडद्यावर तितकेच ठिपके दाटीवाटीने बसवलेले असले की अक्षर आणखी बारीक होते, आणि ‘द्ध’ कोणता व ‘ध्द’ कोणता हे ओळखायला मान पुढे काढावी लागते. यंत्रात अक्षर मोठे करण्याची सोय असते, ती जरूर करावी. पण अक्षर मोठे केले की ओळी आणखी कमी झाल्या. म्हणून मराठीत, हिंदीत किंवा संस्कृतात प्रबंध लिहू इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे असते, की अकरा-बारा इंचांच्या खेळण्याच्या नादी लागू नका आणि दुकानात पडदा पाहाल तर मराठी मजकूर उघडून पाहा. विक्रेता तुम्हाला डोंगर, धबधबे आणि मोरपिसे दाखवील. ती कोणत्याही पडद्यावर सुंदरच दिसतात.

हे यंत्र पाठीवर कसे आले, याचीही एक गंमत आहे. १९७२ साली ॲलन के नावाच्या अमेरिकन संशोधकाने मुलांसाठी एका संगणकाची कल्पना कागदावर मांडली. त्याने घातलेली अट अशी, की तो वहीपेक्षा मोठा असू नये आणि त्याचे वजन चार पौंडांच्या आत, म्हणजे पावणेदोन-एक किलोच्या आसपास असावे. त्या वेळी संगणक खोलीभर पसरलेले असत, म्हणून ही कल्पना म्हणजे शुद्ध कविकल्पनाच होती. पुढे १९८१ मध्ये ‘ऑस्बोर्न’ नावाचे एक यंत्र ‘नेता येण्याजोगे’ म्हणून विकायला आले. त्याचे वजन होते सुमारे अकरा किलो आणि पडदा पाच इंचांचा. ते नेता येत होते हे खरे, पण त्या अर्थाने शिवणयंत्रही नेता येते. दुसऱ्याच वर्षी, १९८२ मध्ये, ‘ग्रिड कंपास’ नावाच्या यंत्राने पडदा कळफलकावर मिटवून घेण्याची युक्ती काढली. आजचा प्रत्येक लॅपटॉप त्याच युक्तीने मिटतो. २००७ साली सात इंची पडद्याचे ‘ई-पीसी’ आले, स्वस्त आणि बुटके; आणि लगेच २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्झ यांनी भर सभेत टपालाच्या खाकी पाकिटातून तेरा इंची ‘मॅकबुक एअर’ बाहेर काढून दाखवला. वजन १.३६ किलो. पस्तीस-छत्तीस वर्षांत कविकल्पना पाकिटात मावू लागली. के यांची चार पौंडांची अट मात्र आजही मापायला उपयोगी पडते.

आता वजनाकडे वळू. दुकानात सगळी यंत्रे टेबलावर मांडलेली असतात, काही ठिकाणी तर तारेने बांधलेली. मंडळी पडद्याकडे पाहतात, कळा दाबून पाहतात, किंमत दोनदा विचारतात. उचलून कोणी पाहत नाही. आणि उचलून पाहिले तरी पावणेदोन किलो म्हणजे क्षणभरात काहीच वाटत नाही. पिशवीतल्या बटाट्याचे ओझे मंडईत कळत नाही, जिन्याच्या तिसऱ्या मजल्यावर कळते.

माझी भाची साताऱ्याची. गेल्या वर्षी तिला पुण्याला विद्यापीठात संख्याशास्त्राच्या एम्. एस्सी.ला प्रवेश मिळाला. घरात आनंद झाला, आणि भाऊजींनी पाच वर्षे दरमहा थोडे थोडे करून साठवलेली रक्कम बाहेर काढली. साठ हजार रुपये. भाऊजींनी पसंत केला होता साडेपंधरा इंचांचा, तोही भरभक्कम. त्यांचा हिशेब घरोघरी असतो तसाच होता. एवढे पैसे घालायचे तर वस्तू मोठी घ्यावी. सुट्टीत ती घरी आली की धाकट्याला त्यावर खेळता येईल, त्यांना स्वतःला सोसायटीचे जमाखर्चाचे तक्ते करता येतील, ताईला मालिका पाहता येईल. सगळ्यांना उपयोगी पडेल असा पडदा! मी भाचीला विचारले, “तुला कोणता हवा?” ती म्हणाली, “मामा, बाबा घेतील तो मला चालेल.”

आपल्या घरांतून मुली हे वाक्य इतक्या सहज बोलतात, की ते ऐकणाऱ्याला उत्तरच वाटते. मी तिला पुन्हा, एकटीला गाठून विचारले. तेव्हा ती म्हणाली, “रोज पाठीवर घेऊन हिंडायचंय रे. पण बाबांनी साठवलेत पैसे. त्यांना कसं सांगू?”

म्हणजे प्रश्न इंचांचा नव्हताच. यंत्र मुलीच्या नावाने घेतले जात होते, पण घरासाठी निवडले जात होते. मी भाऊजींशी वाद घातला नाही. मेहुण्याने मेहुण्याशी वाद घालून कोणाचे भले झालेले मी पाहिलेले नाही. मी फक्त एक प्रयोग सुचवला. साडेपंधराचे ते यंत्र होते १.७ किलोचे आणि त्याचा चार्जर तारेसकट चारशे ग्रॅमचा. ताईच्या डब्यातली दोन किलो साखर आम्ही एका पिशवीत बांधली आणि भाचीच्या पाठीवरच्या बॅगेत ठेवली. त्यात भरलेली स्टीलची पाण्याची बाटली, सव्वा किलोहून थोडी जास्त. डबा सहाशे ग्रॅम. एक पुस्तक, दोन वह्या मिळून एक किलो आणि वर शंभर ग्रॅम. छत्री तीनशे. रिकाम्या बॅगेचेच वजन आठशे. सगळे मिळून सहा किलोंच्या वर गेले. भाची पन्नास किलोंची.

केंद्र सरकारने २०२० साली शाळकरी मुलांच्या दप्तराचे धोरण जाहीर केले. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असे त्यात म्हटले आहे. हा नियम दहावीपर्यंतचा. अकरावीत गेल्यावर पाठीचा कणा बदलतो असे मात्र माझ्या ऐकिवात नाही.

प्रवेशाची कागदपत्रे द्यायला बापलेक पुण्याला आले, तेव्हा ती साखरेची बॅग मी भाऊजींच्या पाठीवर दिली. पुणे विद्यापीठाचे (२०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण केलेले) आवार ज्यांनी पायी पाहिले आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. गणेशखिंडीतले हे आवार चारशे एकरांच्या वर आहे. फाटकातून जुन्या मुख्य इमारतीकडे, तिथून विभागाकडे, विभागातून जयकर ग्रंथालयाकडे, मग वसतिगृहाच्या चौकशीला आणि परत एक झेरॉक्स राहिली म्हणून फाटकाकडे. झाडी दाट, रस्ता सुंदर, पण अंतर ते अंतरच. भाऊजी काही बोलले नाहीत. तिसऱ्या फेरीला त्यांनी बॅग उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली. चहा पिताना ती शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि मुलीला म्हणाले, “हे तू रोज नेणार?” ती म्हणाली, “हो, बाबा.” “आणि नाही नेलंस तर?” “तर खोलीवर राहील.”

साठ हजारांची वस्तू खोलीवर राहील, हे वाक्य साठवणाऱ्या माणसाला जितके कळते तितके दुसऱ्या कोणाला कळत नाही. चौदा इंची, एक किलो साडेतीनशे ग्रॅमचे, उंच पडद्याचे यंत्र आठवड्याने आले. त्याचा चार्जर लहान, अडीचशे ग्रॅमचा. पैसे थोडे उरले. त्यातून साताऱ्याच्या घरी एक वापरलेला बावीस इंची पडदा घेतला, तो घरच्या जुन्या संगणकाला लागला. भाऊजींचे तक्ते आता त्याच्यावर होतात, आणि ते पहिल्यापेक्षा मोठे दिसतात असे ते स्वतःच सांगतात.

कोणी चाणाक्ष वाचक म्हणेल, की या दोन यंत्रांत चार्जर धरून फरक तो किती? अर्धा किलो! तेवढा तर पाण्याची बाटली अर्धी नेली तरी वाचतो. अगदी बरोबर, आणि विद्यापीठात पाणी भरायची सोय असेल तर बाटली जरूर लहान न्यावी. पण फरक वजनाचा तेवढाच असला तरी ऐसपैसपणाचा त्याहून जास्त आहे. साडेपंधराचे यंत्र छत्तीस सेंटिमीटर रुंद असते. तिघांच्या बाकावर ते उघडले की शेजाऱ्याची वही बाकाबाहेर जाते. हाताला फळी लावलेल्या खुर्च्या अनेक वर्गांतून असतात, त्या फळीवर ते बसतच नाही. मग मांडीवर घ्यायचे, आणि खालची गरम हवा बाहेर जायला वाट उरत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये बॅग पाठीवरून काढून पोटावर घ्यावी लागते, तिथे तर हे चौकोनी पाटच ठरते. साडेपंधराच्या बहुतेक कळफलकांना उजवीकडे आकड्यांच्या कळा वेगळ्या दिलेल्या असतात. वाणिज्य शाखेच्या, दिवसभर आकडे भरणाऱ्या मुलांना त्या सोन्यासारख्या आहेत. बाकीच्यांचे मात्र दोन्ही हात त्यामुळे डावीकडे सरकतात आणि पडद्याच्या मध्याऐवजी कडेला बसून टंकलेखन होते. आकड्यांच्या सुट्या कळा वेगळ्या विकतही मिळतात, हेही सांगून ठेवतो.

वजनात खरी बचत होते ती चार्जर खोलीवर ठेवता आला तर. त्यासाठी बॅटरी दिवसभर पुरली पाहिजे. इथे विक्रेत्याचे ‘बारा तास चालते’ हे वाक्य ऐकून न घेता एक आकडा विचारावा: किती वॅट-तास? नुसते लिहिण्या-वाचण्याचे काम करताना असे यंत्र साधारण सात वॅट खाते. बॅटरी बेचाळीस वॅट-तासांची असेल तर सहाने गाडी थांबते. छप्पनची असेल तर आठ तास निभावतात. सकाळी नऊला निघालेल्या मुलाला पाचपर्यंत नेणारी ती दुसरी. सिनेमा लावला, पडदा पूर्ण उजळला की हा हिशेब कोसळतो. वर्गात विजेचे बटण बहुधा एकच असते आणि ते आम्हा शिक्षकांच्या टेबलाजवळ असते. तिथे आपली तार लावायला येणाऱ्या मुलांना मी नाही म्हणत नाही. पण मग शेवटच्या बाकावरचे विद्यार्थी अचानक पहिल्या बाकावर दिसू लागतात, ते काही माझ्या शिकवण्यामुळे नव्हे. चार्जर न्यायचाच तर टाइप-सी जातीचा पाहावा. त्याच्यावर बहुधा फोनही भरतो आणि एक तार कमी होते.

मोठ्या यंत्रांशी माझे वैर आहे असे मात्र समजू नये. वास्तुशास्त्राच्या मुलाला नकाशे काढायचे असतात, यंत्र अभियांत्रिकीच्या मुलीला सुट्या भागांची रेखाटने फिरवून पाहायची असतात, चित्रफिती जोडणाऱ्यांना तर पट्टीवर पट्टी लावायची असते. त्यांना साडेपंधरा किंवा सोळा इंचच हवेत, आणि तसली भारी यंत्रे सव्वादोन-अडीच किलोंची आणि त्यांचे चार्जर विटेएवढे, हे सोसावेच लागते. ज्याचे कॉलेज घरापासून पाच मिनिटांवर आहे आणि यंत्र टेबलावरून हलणारच नाही, त्यानेही खुशाल मोठे घ्यावे. ज्याचे डोळे अधू आहेत त्याने तर नक्कीच. अकरा-बारा इंची यंत्रे आणि कळफलक जोडलेल्या पाट्या यांच्याबद्दल एवढेच सांगतो: टिपणे घ्यायला ठीक, प्रबंध लिहायला नाही. तेरा इंची यंत्र उत्तम असते, फक्त चांगले निघणारे तेरा इंची बरेचदा खिशाला झेपत नाही. उरलेल्यांना, म्हणजे कला, विज्ञान, वाणिज्य, कायदा यांच्या वाटेने पायी हिंडणाऱ्या बहुतेकांना, चौदा.

घेण्यापूर्वी खर्च न करता करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. त्याचे दोन तुकडे कापा, एक छत्तीस बाय चोवीस सेंटिमीटरचा, दुसरा बत्तीस बाय बावीसचा. मुलाच्या नेहमीच्या बॅगेत ते घालून पाहा. पुष्कळ बॅगांची चेन पहिल्या तुकड्यावर बंद होत नाही. नवी बॅग घ्यायची झाली, तर तिचे पैसे यंत्राच्या किमतीत आधीच धरा.

आणि बॅगेत ठेवताना चार्जर कधीही पडद्याच्या पाठीला लागून ठेवू नये. गर्दीत बॅगेवर दाब आला की तो ठोकळा नेमका मागून रुततो आणि पडद्यावर पांढरा डाग उमटतो. तो पुसून जात नाही. ओली छत्री बाहेरच्या कप्प्यात, पाण्याची बाटली बाहेरच्या जाळीत, आणि जून ते सप्टेंबर बॅगेच्या तळाशी एक साधी प्लास्टिकची पिशवी घडी घालून असू द्यावी. वाण्याकडची चालते.